जावेची चूल, माझी चूल

माझ्या थोरल्या जावेच्या घरात धूर नव्हता, आणि ते मला बघवत नव्हतं. आज हे लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही खानदेशातून सुरतेला आलेलो, बमरोलीत पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत राहायचो. दोघे भाऊ पांडेसऱ्याच्या एकाच मिलमध्ये, रंगखात्यात. त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत, तीही अशी की पलीकडे भाकरी थापली तर इकडे ऐकू यायची. रेशनचं रॉकेल महिन्याच्या मध्यावर संपायचं आणि मग ओळीतल्या सगळ्याजणी लाकडावर यायच्या. मशिनं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या मिळायच्या, खाडीकडची बाभूळ मिळायची. पेटवायला मिलची चिंधी. सुरतेत ज्याच्या घरचं कुणी मिलमध्ये आहे त्याच्याकडे चिंधी नाही असं होत नाही. साडीची कापलेली किनार, छपाईत बिघडलेले तुकडे, पोतं भरून घरात पडलेलं असायचं. काडी दाखवायचा अवकाश, भडकायची.

एका वर्षी वस्तीत एक बेन, म्हणजे गुजराती ताई, आल्या. बिनधुराची चूल कशी बांधायची ते त्या बायकांना शिकवत. ओळीतून माझी जाऊ गेली. मीही गेले असते, पण माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. निदान मी सगळ्यांना तसं सांगायचे. खरं म्हणजे जाऊ जातेय म्हटल्यावर मी जाणार नव्हते.

आठ दिवसांत ती शिकून आली. माती, शेण, भुसा मळून तिनं आपल्या खोलीत चूल घातली. पुढं एक तोंड, मागं एक, मधून बोगदा, आणि मागून सिमेंटचा पाईप थेट पत्र्याबाहेर. बेननी तिला बांबूची एक काठी दिली होती. तिच्यावर तापल्या खिळ्यानं खुणा केलेल्या. ही खूण तोंडाची, ही बोगद्याची, ही राखेच्या जागेची. पहिल्या दिवशी चूल पेटवली तेव्हा सगळी ओळ दारात उभी. धूर पाईपातून वर जाताना दिसला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "त्यात काय मोठं?"

मग तिला बोलावणी यायला लागली. काठी घेऊन ती या घरी, त्या घरी. गुजराती बायकासुद्धा दारात येऊन विचारायच्या, चूलावाळी बेन क्यां छे, चुलीवाली बाई कुठाय? माझी चौथीपर्यंत शिकलेली जाऊ लोकांच्या घरात शिरून पुरुषांना सांगायची, हा वासा इथं नको, हे भोक मोठं पाड. आणि ते ऐकायचे. नळावर तिला कुणी पुढं घेतलं की माझ्या पोटात दुखायचं.

एवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण आमच्या सासूबाई गावाहून आल्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मोतीबिंदूचं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, धूर लागू द्यायचा नाही. म्हणजे त्या कुठं बसणार, हे विचारायचं कारणच उरलं नाही. दोन दिवस त्या माझ्याकडे राहिल्या, डोळ्याला पदर लावून. तिसऱ्या दिवशी वळकटी घेऊन शेजारी गेल्या. "मन्हा डोयास्ले तठे बरं वाटस," म्हणाल्या.

दुसऱ्या बायका सासू टाळायला धडपडतात, मी सासूसाठी जळत होते. हसू येईल कुणालाही. पण माझी आई माझ्या लग्नाच्या आधल्या वर्षी गेली. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, शिकेकाई लावली आणि न्हाऊ घातलं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. मी पाण्याच्या आडून रडून घेतलं आणि त्या ते ओळखून पाणी ओतत राहिल्या. त्या दिवसापासून ती बाई माझी होती. आता भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं, जाऊ काहीतरी बोलायची आणि दोघी हसायच्या. मी भिंतीला कान लावून उभी राहायचे. माझी दोन वर्षांची पोरगीही सकाळी उठली की आजीकडे, म्हणजे जावेकडे, पळायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर आली होती. आखाजीला आमच्याकडे वाडवडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात, आणि आमरसाबरोबर मांडे करतात. मांडे म्हणजे पुरणाची पोळी, पण ती लाटायची नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. खापर गॅसवर चालत नाही, स्टोव्हवर चालत नाही. त्याला सगळ्या बाजूंनी लाकडाचा जाळ लागतो. तेवढ्या जाळाचा धूर साध्या चुलीवर पत्र्याच्या खोलीत कोंडला असता, म्हणून सुरतेत आल्यापासून आमच्या घरात मांडे झाले नव्हते. आईचं खापर मी गावाहून चिंध्यांत गुंडाळून आणलं होतं, ते माळ्यावर तसंच पडून होतं. आणि एक गोष्ट सगळ्या घराला माहीत होती. मांडे मला येत होते, जावेला येत नव्हते. तिच्या हातावर ते फाटायचे.

एकदा सासूबाई दारात बसून म्हणाल्या, "खापरवरना मांडा खाईसन चार वरीस व्हई गयात." मी लगेच जावेला विचारलं, तुमच्या चुलीवर करू का? तिनं काठी आणून तोंडावर धरून दाखवली. "या चुलीवर खापर नही चाले, पोरी. तोंड मोठं करं का धूर घरमाच." मी मान हलवली. आतून मला उकळ्या फुटत होत्या. तिच्या चुलीला जे जमत नव्हतं ते मला सापडलं होतं.

तिला विचारायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. नवरा म्हणाला, "वहिनीले इचार ना." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. जाऊ नळावर गेली की मी तिच्या खोलीत शिरायचे. साडीच्या किनारीचा एक लांब पट्टा घेतला होता, त्याला गाठी मारून माप घ्यायचे. बोगदा, मागचं तोंड, राखेची जागा, सगळं घेतलं. सासूबाई खाटेवर पडलेल्या असायच्या. काय करस वं, म्हणून त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, झाडतेय.

वर मात्र माझा हात पोचला नाही. खालून बघितलं तर पत्र्यातलं भोक पाईपापेक्षा केवढं तरी मोठं. पाईपाभोवती चहूकडून उजेड दिसायचा. वाशांपासूनही पाईप लांब, अधांतरी उभा. वर पावसासाठी पत्र्याची एक टोपी बसवलेली, तेवढीच. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, एवढी हुशार, आणि काम किती कच्चं. एकही बाई वर बघत नाही म्हणून खपतंय.

माझी चूल मी पक्की करायचं ठरवलं. तोंड मोठं ठेवलं, बरोबर खापराच्या मापाचं. खापर बसवल्यावर कडेला ओली माती लावून फट बुजवायची, म्हणजे धूर मागं वळेल आणि पाईपातूनच जाईल, हे माझं मी शोधून काढलं. मिलला सुट्टी होती त्या दिवशी नवऱ्याकडून पत्रा कापून घेतला. पाईप अधांतरी ठेवला नाही. लाकडाच्या वाशाला टेकवून तारेनं आवळून बांधायला लावला. भोवतीच्या फटीत गोणपाट आणि चिंधी ठासून भरली. वरून उजेडाचा एक किरण येईना. नवरा खाली उतरून म्हणाला, "एकदम टाइट." मी वर बघत राहिले आणि मला माझा अभिमान वाटला.

आणि चूल चालली. खापर ठेवलं, माती लावली, पेटवलं, खोलीत धुराचा नुसता वास नाही. जाऊ दारात येऊन उभी राहिली. तिनं चुलीकडे बघितलं, खापराच्या कडेची माती बोटानं चाचपली आणि म्हणाली, "हे मन्हा डोकामां उनंच नही व्हतं." ती वर बघायला लागली, तसं मी मध्येच म्हटलं, पोरगी उठलीय वाटतं, जरा बघता का? ती गेली. तिनं वर बघायला नको होतं मला. आता कळतं की तिनं एका नजरेत सांगितलं असतं आणि एका तासात दुरुस्त केलं असतं. पण तेव्हा मला तिचं एक वाक्यही नको होतं.

सासूबाईंनी ठरवलं, या वर्षीची घागर धाकटीकडे. मी तीन दिवस जमिनीवर पाय टेकवले नाहीत.

आखाजीच्या दिवशी सकाळपासून चूल पेटली. एरवी दोन भाकऱ्यांपुरता जाळ, त्या दिवशी चार तास सलग. दोन घरांचे मांडे, शिवाय शेजारपाजारच्या ताटांत एकेक. कोपऱ्यात सासऱ्यांच्या नावाची घागर, वर आंबा, शेजारी सासूबाई पाटावर बसलेल्या, डोळ्याला पदर नाही. प्रत्येक मांडा उतरवला की त्या हात पुढं करून घडी घालायच्या. म्हणाल्या, "तुन्ही मायना हात शे तुले." हे ऐकायला मी सुरतेत जगत होते म्हटलं तरी चालेल. आणि मला तेवढ्यावर भागलं नाही. मनात आलं, हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल का?

जळका वास मला आला होता. नायलॉनचा, नाकात बसणारा. पण पांडेसऱ्याच्या बाजूला तो वास रोजचाच. कुठंतरी कुणीतरी चिंधी जाळत असतंच, मिलच्या मागं ढीग पेटलेले असतात. आम्ही त्या वासात जेवायचो, झोपायचो. त्या वासाला दचकणारा माणूस बमरोलीत नवा आलेला असतो. मी पुढचा मांडा हातावर घेतला.

पहिला थेंब मांड्यांच्या चळतीवर पडला. पेटलेला, निळा, सू सू आवाज करत. मला कळेचना हे काय आहे. दुसरा सासूबाईंच्या खांद्यावर पडला आणि त्या ओरडल्या. मी वर बघितलं. पाईपाभोवतीची चिंधी वितळून गळत होती, गोणपाट पेटलं होतं आणि वाशाच्या कडेनं जाळ सरकत होता. माझ्या दोन्ही हातांवर मांडा होता. आणि मी तो मांडा कुठं ठेवू म्हणून बघत होते. खरंच सांगते, मी तेच बघत होते.

जावेनं बाहेरून, नळावरून, पत्र्यावरचा धूर बघितला होता. रिकामा हंडा तिथंच टाकून ती आत आली, सासूबाईंच्या खांद्यावर हातानं थापट्या मारल्या, त्यांना दंडाला धरून दाराबाहेर काढलं. मग ट्रंक ओढून तिच्यावर चढली आणि पेटलेली चिंधी नुसत्या हातानं ओढून काढायला लागली. मला म्हणाली, खाली पडेल ते तुडव. मी तुडवत होते. वासा तरी पेटतच होता. घरात पाणी कुठं, तर पिण्याचं भांडं रिकामं, पोरीच्या अंघोळीनं बादली संपलेली. भरलेली एकच गोष्ट होती. तिनं आंबा बाजूला फेकला आणि घागर उचलून वर वाशावर रिकामी केली.

दारातल्या बायकांच्या तोंडून हाय निघालं. वाडवडिलांचं पाणी, पूजा झालेलं. वासा विझला. काळं पाणी खापरावर टपटपलं आणि आईचं खापर तडकलं. सासूबाई बाहेरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुन्हा सासरानी घागर शे ती. त्यास्नीच घर वाचाडं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघे भाऊ धावत आले होते, थोरले दीर विचारत होते, असं कसं झालं, भोक कुणी बुजवलं? जाऊ ट्रंकेवरून उतरली. तिचा उजवा तळवा भाजून पांढरा पडला होता, बोटांना वितळलेली किनार चिकटलेली. ती म्हणाली, "मन्हंच माप चुकनं. मी सांगेल व्हतं, तिनी तसंच करं."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आणि त्या क्षणी मला काय वाटावं? उपकार वाटले नाहीत. राग आला. म्हटलं, आता यातसुद्धा हीच वर.

मी गप्प राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, नाही बोलले. त्या वेळी नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नंतर नंतर तर ते बोलायची जागाच राहिली नाही. सासूबाई वळकटी घेऊन माझ्याकडे आल्या आणि मग माझ्याकडेच राहिल्या. ओळीत बोलणं पसरलं, चूलवालीच्या मापानं घर पेटणार होतं. तिची बोलावणी थांबली. आधी बांधून घेतलेल्यांनीसुद्धा पाईप तपासायला दुसऱ्या वस्तीतली बाई आणली. जाऊ हाताला पट्टी बांधून डाव्या हातानं भाकरी करायला शिकली. थाप ऐकू यायची, तिचा ताल चुकलेला असायचा.

हात बरा झाल्यावर तिनं माझी चूल पुन्हा बांधली. तोंड खापराचंच ठेवलं, ते माझं बरोबर होतं म्हणाली. पाईपाची जागा बदलली, दोन वाशांच्या मधोमध आणली, दोन्हीकडे एकेक वीत सोडून. पत्र्यातलं भोक मोठं, वर टोपी, आणि पाईपाभोवती चहूकडून उजेड. महिन्यातून एकदा पाईप आतून घासायचा तेही दाखवलं. चुलीत चिंधी घालायची नाही म्हणाली, पेटवायलासुद्धा नाही, चिंधीनं पाईपात चिकट काजळी धरते. मी हो हो म्हणत होते. निघताना तिनं काठी माझ्या हातात दिली. "मले आते कोन्ही बलावत नही. तू जाय. खापरनी चूल सगळीस्ले पायजे. पन वासापासून एक वीत, इसरू नको."

मी गेले. खानदेशी बाई आणि खापर बसणारी बिनधुराची चूल, कोण नको म्हणेल? बमरोलीत, पांडेसऱ्यात, मी किती चुली घातल्या याचा हिशेब नाही. प्रत्येक घरात वर बोट दाखवून सांगायचे, एक वीत सोडा, बुजवू नका, उजेड दिसला तरी घाबरू नका. कुणी विचारलं, बाई, कुठं शिकलात, तर म्हणायचे, आपली आपण. नळावर मला पुढं घ्यायला लागले. जे जे मला तिचं हवं होतं ते ते मला मिळालं होतं, आणि तरी तिची थाप ऐकली की मला आत काहीतरी टोचायचं. ती सुखानं झोपते कशी, याचा मला हेवा वाटायचा.

पुढं चार-पाच वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी त्यांचं डोकं धुऊन पुसत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, माय, त्या आखाजीला ते भोक मी बुजवलं होतं.

त्या म्हणाल्या, "मले माहीत शे. माप लेतीस ते दिखे, वरलं बी दिखे. डोया नवा करेल व्हता ना." मी म्हटलं, मग तुम्ही माझ्याकडे का राहिलात? त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मोठीनी सांगं. माय, लहानीजोडे ऱ्हाय. ती घाबरी गयी शे, अन तिले माय नही."

मी टॉवेल टाकून उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले. जाऊ भाकरी थापत होती. उजव्या तळव्यावरचा डाग पिठानं पांढरा झाला होता. सगळं बोलायचं ठरवून आले होते, आणि तोंडातून काय निघालं तर, "तुम्हनी चूल आज धूर करस." चूल अजिबात धूर करत नव्हती.

तिनं एकदा चुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग पाईप साफ कर ना वं," ती म्हणाली, "काठी तुन्हाजोडेच शे."

मी घरी येऊन काठी घेतली, तिच्या टोकाला फडकं बांधलं आणि जावेच्या पत्र्यावर चढले. पाईप आतून स्वच्छ होता. तरी मी तो अर्धा तास घासत होते.